आमच्या विकीचे फौजदार

बंगलोर, नव्वदीची अखेर, सॉफ्टवेअर कंपनी असं म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आणि गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं उभी राहिली असतील. ती इमारत आधी पाडून टाका. आमची कंपनी बसवनगुडीत एका घराच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली घरमालकीण अक्का राहायच्या आणि त्यांच्या मिरच्या आमच्या गच्चीवर वाळायच्या. दुसरं, मी एका सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरबद्दल सांगणार म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, दाढीवाला, अबोल, एक कळ दाबली की सगळं सुरळीत करणारा कोणी जादूगार असणार. दाढी नव्हती. अबोल तर अजिबात नव्हते. आणि पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली, आज अमेरिकेत असतात, असं काही शेवटी येईल म्हणून वाट बघत असाल तर तेही नाही. ते आज काय करतात मला माहीत नाही. फोन करून विचारता येईल, पण पलीकडून पहिला प्रश्न येणार, ‘नंबर कोण दिलं तुला?’ म्हणून मी करत नाही.

सर निपाणीकडचे. वडील पोलिसात हवालदार होते, त्यामुळे आम्ही मागे त्यांना ‘फौजदार’ म्हणायचो, बापापेक्षा दोन पायऱ्या वर चढवून. समोर अर्थातच ‘सर’. त्यांची मराठी तिकडची. ‘कोण केलं?’, ‘मी बघितलो’, मधेच ‘स्वल्प थांब’. आणि मी चोपड्याचा. शाळेत असताना हेडमास्तरांचा आवाज काढून शेजारच्या वर्गाला सुट्टी दिलेला मुलगा. असल्या माणसाला असे सर मिळणं म्हणजे गोडघाश्याला हलवायाच्या दुकानात नोकरी लागणं. पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज मला बसला. घशातून काढायचा नाही, नाकाच्या मुळातून काढायचा. आणि प्रत्येक वाक्याआधी एक बारीक ‘हं’. म्हणजे तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि तुम्ही सापडलात.

ते कोणाला नावाने हाक मारत नसत. ‘नाव काय, कोणबी कायबी सांगतंय. गाव विचार.’ त्यामुळे मी चोपडा. फोनवर बसणारी वर्षा नागपूर. मॅनेजरसाहेब मंड्याचे, ते पाठीमागे मंड्या.

कोपऱ्यावरच्या उभ्याने खायच्या हॉटेलात आम्ही बाय-टू कॉफी घ्यायचो, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. सर दोन्ही पेले शेजारी ठेवायचे, वाकायचे आणि डोळा पेल्यांच्या काठाशी आणून बघायचे. काउंटरवरचा बिचारा म्हणायचा, ‘सरी इदे, सार.’ बरोबर आहे, साहेब.

‘बरोबर हाय असं सांगावं लागतंय ना,’ सर मला म्हणायचे, ‘तिथं बरोबर नसतंय.’

मग ते पलीकडचा पेला उचलायचे. का? तर त्याने अलीकडचा मुद्दाम सरांकडे सरकवला म्हणून. मग दुसऱ्या दिवशी त्याने पलीकडचाच सरकवला तर? सर परत वाकायचे.

ऑफिसात सर्व्हर होता तो जुन्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कारण एसी तिथेच बसत होता. ओट्याचा नळ कधीच बंद केलेला, तरी सरांनी त्याला फडकं बांधून गाठ मारली होती. सकाळी आल्याबरोबर आधी गाठ बघायची, मग सर्व्हर. महत्त्वाचा आदेश टाइप करून झाला की ते दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, पँटला पुसायचे आणि खोलीला विचारायचे, ‘दाबू?’ ह्याला उत्तर द्यायचं नसतं. मी नवा होतो तेव्हा म्हणालो, ‘दाबा की सर.’ त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. ‘हं. तुला काय एवढी घाई?’ ते काम त्या दिवशी झालंच नाही.

आणि स्टूल. प्लॅस्टिकचं, निळं, ओट्यासमोर. कोणाचं काही बिघडलं की तो माणूस त्या स्टुलावर, तोंड टाइल्सच्या भिंतीकडे करून बसायचा. कॉम्प्युटर पाठीमागे. ही पद्धत वडिलांची, असं सर सांगायचे. ‘कॉम्प्युटरकडे तोंड असलं की माणूस त्याच्यात बघून उत्तर देतंय. भिंतीकडे बघून जे आठवतंय ते खरं.’ प्रश्न ठरलेले. शेवटचा हात कुणाचा? त्याच्या आधी काय केलास? आणि सगळ्यात शेवटी, ‘आत अजून कोण हाय?’ आत म्हणजे मशीनच्या आत. आपल्याला न दिसता मागे चालू असलेला एखादा प्रोग्रॅम.

‘काही नाही केलं हो सर,’ असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

‘काय नाही म्हणणाऱ्यानंच काहीतरी केलेलं असतंय.’

हसू नका, ह्या पद्धतीने सापडायचंही. टाइल्सकडे बघता बघता माणसाला आठवायचं की काल पंखा लावायला आपण एक प्लग काढला होता.

आता विकी. आम्ही औषधांच्या होलसेल दुकानांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवायचो. होसकोटेपासून सोलापूरपर्यंत दुकानदारांचे फोन यायचे, बिल निघत नाही, एक्सपायरीची तारीख उलटी दिसते. उत्तर कोणाच्या तरी डोक्यात असायचं आणि ते डोकं नेमकं सुट्टीवर असायचं. मॅनेजरसाहेब अमेरिकेला ट्रेनिंगला गेले आणि येताना चॉकलेटं आणि विकी घेऊन आले. विकी म्हणजे काय, तर ऑफिसातल्या ऑफिसात, आपल्याच सर्व्हरवर चालणारी पानं. कोणीही उघडून वाचायची. आणि कोणीही बदलायची.

‘कोणीही?’ सर म्हणाले.

‘एनीबडी,’ साहेब खुशीत.

‘पासवर्ड?’

‘नो पासवर्ड! ट्रस्ट!’

सरांनी हातातलं चॉकलेट परत कागदात गुंडाळलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘चोपडा, हे सॉफ्टवेअर हाय की स्टँडवरच्या मुतारीची भिंत?’

तर जगातला सगळ्यात विश्वासू प्रोग्रॅम बसवायचं काम जगातल्या सगळ्यात संशयी माणसाकडे आलं. विकी आली फ्लॉप्यांवर, साहेबांच्या कोणा मित्राने आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिलेली. आमचा सर्व्हर लिनक्सचा. सरांनी सगळं नीट ठेवलं, हात पुसले, ‘दाबू?’ म्हणाले, दाबलं. पडद्यावर आलं, इंटर्नल सर्व्हर एरर.

‘बघ. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोरागत. कुठं दुखतंय ते सांगत नाही.’

वर्षा मागे उभी होती. तिने सर्व्हरची नोंद वाचली. ‘सर, फाइल सापडत नाही असं सांगून राहिला तो.’

‘फाइल तर ही हाय की समोर.’

‘तेच तर.’

‘म्हणजे एकतर खोटं बोलायलंय,’ सर म्हणाले, ‘नाहीतर दुसऱ्याच कुणाला तरी शोधायलंय.’

मला स्टुलावर बसवलं. माझा काय संबंध? तर फ्लॉप्या साहेबांच्या केबिनमधून मी आणल्या होत्या. रस्त्यात कुठे ठेवल्या? कोणाला दिल्या? खिशात घातल्या का? माझं संपल्यावर त्यांनी फ्लॉपीलाच स्टुलावर ठेवलं, खरंच ठेवलं, आणि तिच्याकडे बघत बसले. ‘हे कुठं कुठं फिरून आलंय?’ विंडोजमधून, वर्षा म्हणाली. ‘हं!’ मग त्यांनी प्रोग्रॅमची फाइल अशा रीतीने उघडली की न दिसणारी अक्षरंही दिसावीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारकं चिन्ह उभं होतं. विंडोजने ओळ संपवताना आपलं एक अक्षर मागे जोडलेलं. पहिल्या ओळीत पर्ल, म्हणजे विकीला चालवणारा दुसरा प्रोग्रॅम, कुठे आहे त्याचा पत्ता होता, आणि सर्व्हर बिचारा ते शेपूट लावलेलं पर्ल शोधत फिरत होता.

‘बघ चोपडा,’ सर आवाज खाली आणून म्हणाले, ‘प्रत्येक ओळीच्या मागनं कोणतरी चालायलंय.’

शेपटं काढली आणि विकी चालू झाली. मी पुढे कितीतरी दिवस गांधी बाजारातून जाताना मधेच मागे वळून बघायचो.

चालू झाली, पण सर तिच्याकडे बघायचे ते दारात आलेल्या पाहुण्याच्या बॅगेकडे बघावं तसं. सुरुवातीला लोकांनी तमाशाही केला. कोणी क्रिकेटचा स्कोअर लिहिला, कोणी बिसीबेळे भाताची कृती. कोणीतरी विकीच्या फोल्डरमध्ये आपले सहलीचे फोटो आणून टाकले. सर फोटो बघून म्हणाले, ‘बघतो.’ एवढंच. त्यानंतर तसं काही झालं नाही आणि आम्ही विसरलो.

विकी खरी मोठी केली वर्षाने. दुकानदाराचा फोन ठेवला की ती लगेच पान उघडून लिहायची, काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. फोनवर बोलायची ती अशी की समोरचा चिडलेला माणूस शेवटी तिला घरचं सांगायला लागायचा. पण विकीच्या त्या आवृत्तीत एक खोड होती. दोन जणांनी एकच पान एकाच वेळी बदललं की पहिल्याचं लिहिलेलं गुपचूप नाहीसं व्हायचं. वर्षाचं लिहिलेलं दोनदा-तीनदा असं गेलं आणि तिने सरांच्या मागे लकडा लावला. नवी आवृत्ती आली आहे, त्यात हे ठीक केलंय, अपग्रेड करा.

‘नवीन म्हणजे चांगलं, कोण सांगितलं तुला?’

‘सर, त्याच्यासोबत लिहून दिलंय न त्यांनी.’

सरांनी ते छापून घेतलं आणि समन्स वाचावं तसं मोठ्याने वाचलं. ‘पानं साठवण्याच्या पद्धतीत किरकोळ बदल.’ थांबले. ‘किरकोळ असतं तर लिहिलं कशाला?’

महिने गेले. मग वर्षाला मारतहळ्ळीच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं. तिथे पहिल्या दिवशी जुन्या कंपनीचं सोडल्याचं पत्र दाखवायचं, नाहीतर परत पाठवतात, हे ती आम्हाला रोज सांगायची. तिचा शुक्रवार शेवटचा. तिने सरांना अखेरचं सांगितलं, ‘मी जायच्या आधी करा अपग्रेड. माझी पानं नीट चढलेली मला बघायची आहेत.’ आणि सरांनी हो म्हटलं. का म्हटलं देव जाणे. मला वाटतं, ती जाणार म्हणून त्यांना वाईट वाटत होतं आणि दुसरं काही देता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अपग्रेड झालं. सरांनी आधी पानांची प्रत टेपवर घेतली, टेपवरून परत उतरवून खरंच उतरते का ते बघितलं, मग हात पुसले. ‘दाबू?’ कोणी श्वासही घेतला नाही. पानं आली, सगळी. वर्षाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कोपऱ्यावरून कॉफी मागवली.

कॉफी यायच्या आत पानं गेली.

कुठलंही पान उघडा, एकच वाक्य: ‘या पानावर अजून काही लिहिलेलं नाही.’ सरांनी फोल्डर बघितलं. रिकामं. त्यांनी टेपवरची प्रत नव्या आवृत्तीत परत चढवली. पानं आली, आम्ही हुश्श म्हटलं, आणि थोड्या वेळाने बघतो तर परत रिकामं. कोणी पाठीमागे उभं राहून एकेक पुसतंय की काय, तसं. सरांनी बाहेरून इंटरनेट आणणारी वेगळी फोनची लाइन उपटली, पानं परत चढवली. परत गेली.

‘बाहेरचं कोण नाही,’ सर आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाले. ‘आतलंच हाय.’

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. एकेक जण आत जात होता, भिंतीकडे तोंड करून बसत होता, घाम पुसत बाहेर येत होता. जो बाहेर यायचा त्याच्याकडे बाकीचे बघायचे. रोज एका डब्यात जेवणारी माणसं एकमेकांच्या पडद्यावर तिरकी नजर टाकायला लागली. मी बाटलीतून पाणी प्यायला उठलो तर दोघे माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

फक्त वर्षा आत गेली नाही. ती फोनवर होती. होसकोटेच्या दुकानाचं बिलिंग अडकलं होतं, दवाखान्याचा माणूस औषधं न्यायला उभा होता, आणि पान नसल्यामुळे ती सगळं डोक्यातून सांगत होती. सर एकदा तिच्या टेबलापर्यंत गेले, उभे राहिले आणि परत आले. मग त्यांनी सर्व्हरची नोंद काढली. दर वेळी पानं जायच्या आधी शेवटचं कोणाच्या मशीनवरून पान उघडलं गेलं होतं? वर्षाच्या.

साहेब येऊन उभे राहिले. ‘किसने किया?’

सरांनी पाठ सरळ केली आणि नाकाच्या मुळातून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘नागपूर.’

आणि काय सांगू, क्षणात सगळ्यांना पटलं. मलाही. नोकरी सोडून चाललीये. अपग्रेडच्या मागे हीच लागली होती. पानं हिलाच सगळ्यात जास्त माहीत. खालून अक्कांनी ओरडून विचारलंसुद्धा, ‘एनायितु?’ काय झालं? कोणीतरी जिन्यातून सांगितलं, त्या मुलीने पानं पुसली.

वर्षाने फोनच्या तोंडावर हात ठेवला. ‘काय?’

साहेबांनी तिचं पत्र टेबलावरून उचललं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. पानं येतील तेव्हा पत्र मिळेल, असं इंग्रजीत म्हणाले. वर्षाने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि हात काढून परत फोनवर बोलायला लागली. आवाज अगदी होता तसाच. ‘हां भैया, अब ऊपर से तीसरी लाइन देखिए.’ तिचे कान मात्र लाल झाले होते.

सरांनी मला आत बोलावलं, टेपचा डबा धरायला. मी डबा धरला, पण त्यांनी टेपला हात लावला नाही. जेवणाचा डबाही तसाच बंद. कुलूप लावलेला.

‘चोपडा. पटलं सगळ्यांना?’

‘हो सर.’

‘एक पण नाही म्हटलं नाही?’

‘नाही सर.’

‘मंड्यालाबी पटलं?’

‘लगेच.’

सर नळाच्या गाठीकडे बघत राहिले. ‘मग चुकलंय कुठंतरी. एवढी माणसं माझं कधी ऐकतात?’

मग त्यांनी निळं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. भिंतीकडे तोंड करून. स्वतः.

‘विचार.’

‘मी काय विचारू सर?’

‘मी विचारतो ते. माझ्या आवाजात.’

‘तुमच्या... मला कुठे येतो तुमचा...’

‘हं. जिन्यात काढतोस, हॉटेलात काढतोस, परवा फोनवर माझ्या आवाजात मंड्याला नमस्कार घातलास. मला काय माहीत नाही वाटलं? काढ. तुझ्या आवाजात विचारलास तर मी तुला गंडवीन. माझ्या आवाजाला मला गंडवता येत नाही.’

आयुष्यात इतक्या नकला केल्या, पण ज्याची नक्कल त्याच्याच मानेमागे उभं राहून करायची, ही पहिलीच. मी घसा साफ केला आणि नाकाच्या मुळातून सुरू केलं.

‘हं. शेवटचा हात कुणाचा?’

‘नागपूरचा.’

‘तू बघितलास?’

‘नोंदीत बघितलो.’

‘नोंदीत काय हाय? पान पुसलं असं लिहिलंय?’

‘नाही. उघडलं असं हाय.’

‘मग उघडणारा चोर कसा? दार उघडून तर घरचीबी माणसं येतात.’ हे मी कुठून बोललो मला माहीत नाही. तो आवाज लागला की तसंच सुचायचं.

सरांची मान जराशी हलली. ‘पुढं विचार.’

‘त्याच्या आधी तू काय केलास?’

‘काय नाही. अपग्रेड केलो.’

‘काय नाही म्हणणाऱ्यानंच...’

‘ते सोड, पुढं.’

‘अपग्रेड केलास, त्यात काय बदललं?’

‘पानं ठेवायची पद्धत. फाइलची नावं बदलली. आधी साधी नावं होती, आता अक्षरावार फोल्डर, मागं शेपूट.’

‘आत अजून कोण हाय?’

‘कोण नाही.’

‘आत अजून कोण हाय?’

‘सांगितलो की. सर्व्हर, विकी. कोण नाही. फकस्त माझा पहारा...’

सर टाइल्सकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो, जणू तिथे काही लिहिलंय.

सहलीचे फोटो आठवतायत? त्या वेळी ‘बघतो’ म्हणून सरांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. थोड्या थोड्या वेळाने आपोआप उठणारा. विकीच्या फोल्डरमध्ये फेरी मारायची, ओळखीच्या नावाची नसलेली प्रत्येक फाइल उचलायची आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये नेऊन कोंडायची. कोणाला सांगायचं नाही, कुठे नोंद ठेवायची नाही, कारण पहारेकरी ओरडला की चोर सावध होतो. लोकांचा उत्साह ओसरला, त्यानंतर पहाऱ्याला कोणी सापडलंच नाही, आणि सर स्वतःच त्याला विसरले. आज अपग्रेडने सगळ्या पानांची नावं बदलली. पहारा फेरीला उठला. बघतो तर सगळं फोल्डर अनोळखी.

‘सगळ्यांना अटक केलंय,’ सर हळूच म्हणाले.

लपवलेलं फोल्डर उघडलं. सगळी पानं तिथे होती, प्रत्येक खेपेची. वर्षाने लिहिलेली, माझी, साहेबांचं एकुलतं एक. सरांनी पहारा बंद केला, पानं परत जागेवर नेली. ह्या वेळी ‘दाबू?’ विचारलं नाही.

मग ते साहेबांकडे गेले आणि एवढंच म्हणाले, ‘पानं आली.’ साहेबांनी कशी ते विचारलं नाही. ड्रॉवर उघडून पत्र काढलं आणि वर्षाच्या टेबलावर ठेवलं. सर आपल्या ओट्याकडे परत गेले. आणि बाहेर मोठ्या खोलीत कुजबुज सुरू झाली. बघितलंस? पत्र अडवल्याबरोबर घाबरली. गुपचूप परत टाकली.

वर्षाने आपल्या वस्तू पिशवीत भरल्या. कोणी निरोपाचं बोललं नाही. पिशवी खाली नेऊन द्यायला मी निघालो आणि जिन्यात, अर्थातच, तिला सगळं सांगितलं. आवाजासकट, स्टुलासकट. ती ऐकताना एकदाही हसली नाही. तेवढ्यात वरून सर उतरत आले. आम्हाला बघून थांबले, परत वर वळायला लागले.

‘थांबा सर.’

सर थांबले.

‘पहारा बसवला तुम्ही. विसरले तुम्ही. पानं पकडली तुमच्या पहाऱ्याने. अन् चोर मी?’

‘चुकलो मी, नागपूर.’

‘ते मला काय सांगून राहिले? मी नाही केलं, हे मला सकाळपासून माहीत आहे.’

‘पत्र दिलेत की साहेब.’

‘पत्राचं काय घेऊन बसले? वर ते लोक काय बोलून राहिले, ऐकलं तुम्ही? घाबरून परत टाकली म्हणे मी. सोमवारी तिकडे माझ्या शेजारी ह्यांच्यातल्याच कोणाचा तरी मित्र बसलेला असणार. तो काय म्हणेल? पानं पुसणारी आली म्हणेल न!’

सर जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवत उभे.

‘बाकी सगळ्यांना विचारलं तुम्ही. ह्या चोपड्याला विचारलं. कॉफीवाल्या पोऱ्यालाही विचारलं असतं. अन् मला? एक शब्द नाही. मी फोनवर होती. तुमच्याच गिऱ्हाइकाशी बोलत होती. तो फोन ठेवेपर्यंत थांबता आलं नाही तुम्हाला? इतक्या दिवसांत कधी खोटं बोलली का मी तुमच्याशी?’

‘नाही.’

‘मग?’

‘सांगतो मी. सोमवारी सगळ्यांना सांगतो.’

‘सोमवारी मी इथे असणार का? चला वर.’

‘आत्ता?’

‘आत्ता. सगळे बसले आहेत, साहेबही आहेत. चला, पुढे व्हा.’ सर वळले आणि चढायला लागले, एकेक पायरी. ती मागोमाग. ‘अन् मोठ्याने बोला सर, तोंडातल्या तोंडात नाही. मला चोर म्हणताना तुमचा आवाज खाली अक्कांपर्यंत गेला होता. आत्ताही तेवढाच पाहिजे.’